व्हीपीएन चालू असलं की साइट का अडवते, आणि तेव्हा काय करायचं

नागपुरात नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेत मी नेटचं आणि कॉम्प्युटरचं बघते. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली की माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. गेल्या पावसाळ्यात उमरेडहून येणारी एक मुलगी संध्याकाळी सातला फोन घेऊन आली.

"ताई, फॉर्म उघडूनच नाही राहिला. सकाळी तर उघडला होता."

पांढऱ्या पानावर दोनच शब्द होते, ॲक्सेस डिनाइड. तिने फोन तीनदा बंद-चालू केला होता, मैत्रिणीचा हॉटस्पॉट घेऊन पाहिला होता आणि साइटच बंद पडली असं धरून ती रडवेली झाली होती. मी फोन हातात घेतला आणि आधी वरच्या पट्टीत पाहिलं. बॅटरीच्या शेजारी बारीकशी किल्ली दिसत होती.

"व्हीपीएन कोणी टाकलं?"

"मी काहून टाकीन? भावानं मॅच पाहाले टाकलं होतं."

किल्ली बंद केली, पान नव्यानं उघडलं, फॉर्म समोर आला. मैत्रिणीच्या हॉटस्पॉटनं फरक का पडला नाही, तर नेट कोणाचंही घ्या, फोनमधलं व्हीपीएन चालूच होतं. तिच्यासारख्या मुलामुलींसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

व्हीपीएन नेमकं करतं काय

तुम्ही साइट उघडता तेव्हा तिला तुमच्या कनेक्शनचा पत्ता दिसतो. त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. हा पत्ता नसेल तर पान कुठे पाठवायचं हेच तिला कळणार नाही. व्हीपीएन लावलं की तुमची सगळी ये-जा कुलूपबंद होऊन आधी त्या व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे साइटकडे. साइटला पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. तुम्ही नंदनवनात पंख्याखाली बसलेल्या असलात तरी तिच्या लेखी तुम्ही सिंगापूरला किंवा ॲमस्टरडॅमला असता.

आणि त्या पत्त्यावर तुम्ही एकट्या नसता. एकाच सर्व्हरमागे एकाच वेळी शेकडो माणसं असू शकतात.

समजा, बर्डीवर एका लॉजसमोर किराण्याचं दुकान आहे. लॉजवर उतरलेले लोक सामान नेतात आणि पत्ता म्हणून लॉजचंच नाव सांगतात. त्यातले चौघं उधारी बुडवून गेले. दुकानदाराला त्यांची नावं माहीत नाहीत, वहीत फक्त लॉजचं नाव आहे. पाचवा माणूस कितीही सरळ असो, त्यानं लॉजचं नाव घेतलं की दुकानदार वही मिटतो. या पाचव्या माणसाच्या जागी तुम्ही असता. साइटचा राग तुमच्यावर नसतो. तुम्ही उसना घेतलेला पत्ता तिच्या वहीत आधीच खराब झालेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते.

पायरी १ : किल्ली शोधा

अँड्रॉइड फोनवर व्हीपीएन चालू असलं की वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतं. दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत व्हीपीएन असं टाका, थेट त्या पानावर जाता येतं. तिथे ॲपच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारली की 'ऑलवेज ऑन' असा पर्याय दिसतो. तो चालू असेल तर तुम्ही व्हीपीएन बंद केलं तरी ते आपोआप पुन्हा जोडलं जातं. पुष्कळजण इथेच फसतात. आयफोनवर सेटिंग्ज उघडल्या की व्हीपीएनचं बटण सापडतं.

स्वतः टाकलेलं नसतानाही व्हीपीएन चालू असू शकतं. ऑपेरा ब्राउझरमध्ये ते आतच दिलेलं असतं, काही अँटिव्हायरससोबत येतं. ॲपलच्या पैसे भरून घेतलेल्या आयक्लाउडमध्ये प्रायव्हेट रिले नावाची सोय आहे. ती मुख्यतः सफारीपुरती असते, पण साइटला तुमचा खरा पत्ता दिसू देत नाही. मिहानमधल्या कंपनीचा लॅपटॉप घरी आणला असेल तर त्यातलं ऑफिसचं व्हीपीएन वेगळंच असतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पायरी २ : साइटला काय दिसतं ते तुम्हीही पाहा

गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' असं शोधा आणि निघालेल्या एखाद्या साइटवर आपला पत्ता आणि गाव पाहून घ्या. मग व्हीपीएन बंद करून तेच पान पुन्हा उघडा. दोन्ही वेळचं एका कागदावर लिहून ठेवा.

व्हीपीएन बंद असतानाही गाव मुंबई किंवा पुणे दाखवलं तर घाबरू नका. मोबाइल कंपनीची मोठी यंत्रणा जिथे असते तिथलं नाव बरेचदा दिसतं. देश भारत आणि कंपनी आपलीच दिसली म्हणजे झालं.

पायरी ३ : तुमची साइट का अडवते ते ओळखा

इथे थोडं थांबून वाचा. कारण वेगळं असलं की उपायही वेगळा लागतो.

सगळ्यात मोठं कारण चोरी. कुठल्यातरी साइटवरून लाखो लोकांचे ईमेल आणि पासवर्ड फुटतात. चोर ती यादी घेऊन दुसऱ्या साइटवर एकेक जोडी लावून पाहतात, कारण माणसं सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात. हे हातानं होत नाही. प्रोग्राम मिनिटाला शेकडो जोड्या लावतो आणि स्वतःचा पत्ता लपवायला व्हीपीएन किंवा भाड्याचे सर्व्हर वापरतो. साइटच्या नोंदीत काय राहतं? एका पत्त्यावरून तासाभरात हजारो फसलेले लॉगिन. ती तो पत्ता बंद करते. संध्याकाळी त्याच पत्त्यावरून तुम्ही जाता.

मग कोणी विचारेल, मोबाइल नेटवरही एका पत्त्यामागे पुष्कळ माणसं असतात की. असतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण ४३० कोटींच्या आसपासच आहेत आणि भारतातच १४० कोटींवर लोक आहेत, म्हणून मोबाइल कंपन्या एकेका पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात. पण मोबाइल कंपनीचा पत्ता बंद केला तर खरीखुरी माणसं तुटतात, हे साइटला माहीत असतं. व्हीपीएनचे सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये असतात तिथल्या पत्त्याचं तसं नाही. डेटा सेंटरमध्ये माणसं राहत नाहीत, यंत्रं राहतात. कोणता पत्ता कोणत्या कंपनीच्या नावावर आहे याच्या याद्या उघड मिळतात, विकतही मिळतात. त्या यादीत पत्ता 'होस्टिंग', म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचा, असा निघाला की काही साइट पुढचं काहीच न पाहता अडवतात. तुम्ही व्हीपीएनवर आहात हे साइटला बहुतेक वेळा असंच कळतं, त्यात जादू नाही. शिवाय तुमच्या फोनचं घड्याळ भारताची वेळ सांगत असतं आणि पत्ता नेदरलँड्सचा असतो. ही विसंगती ब्राउझरमधून सहज दिसते.

रेल्वेचं तत्काळ घ्या. सकाळी १० ला एसीचं उघडतं, ११ ला बिगरएसीचं. त्या मिनिटाला दलालांचे प्रोग्राम तुटून पडतात. साइटनं परक्या देशातले किंवा सर्व्हरचे पत्ते त्या वेळी अडवले तर मला त्यात गैर वाटत नाही. इतवारीतला एखादा म्हातारा स्वतः बोटानं नाव टाकत असतो, त्याच्या वाट्याला तिकीट यावं म्हणूनच ते दार लावलेलं असतं.

बँकेचं कारण आणखी वेगळं. तुम्ही १० वाजून ५ मिनिटांनी नागपूरहून खातं पाहिलं आणि १० वाजून १२ मिनिटांनी फ्रँकफर्टहून पैसे पाठवायला लागलात. सात मिनिटांत कोणी तिथे पोचत नाही. बँकेची यंत्रणा धरून चालते की पासवर्ड चोरीला गेला, आणि व्यवहार थांबवते. हे तुमच्याच पैशाचं राखण आहे.

सरकारी साइटपैकी कित्येक भारताबाहेरच्या पत्त्याला उघडतच नाहीत. बाहेरून होणारे हल्ले कमी करायचा तो सोपा मार्ग आहे. अशा वेळी संदेशही येत नाही. पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी हात टेकतं. सातबारा, दाखला, शिष्यवृत्ती असलं काही करताना पान फिरत राहिलं तर आधी किल्ली पाहा.

सिनेमे आणि सामने दाखवणाऱ्यांचं कारण हक्कांचं. एखादा सिनेमा भारतात दाखवायचा हक्क एकाकडे असतो, ब्रिटनमध्ये दुसऱ्याकडे. नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ ला भारतात आलं आणि त्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की पत्ता बदलून दुसऱ्या देशातलं पाहणाऱ्यांना अडवणार. ते अडवलं नाही तर ज्यांच्याकडून हक्क घेतले त्यांच्याशी केलेला करार मोडतो.

कधी कायदाही आड येतो. युरोपात मे २०१८ मध्ये माहितीच्या खासगीपणाचा कडक कायदा लागू झाला, तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यूनसारख्या अमेरिकी वर्तमानपत्रांनी युरोपातल्या वाचकांना आपली पानं दाखवणं थांबवलं होतं. म्हणजे तुम्ही नागपुरात आणि व्हीपीएन जर्मनीचं, तर दार लागणार तेही जर्मनीचा माणूस म्हणून.

विकिपीडिया मात्र व्हीपीएनवरून आरामात वाचता येतो. संपादन करायला गेलात की अडवतो, कारण पत्ता लपवून लेखांची नासधूस करणारे फार आहेत. मराठी विकिपीडियावर लिहू इच्छिणाऱ्यांनी व्हीपीएन बंद करून लिहावं. ज्यांना खरंच ते बंद करता येत नाही त्यांना तिथे सवलतीसाठी अर्ज करता येतो.

पायरी ४ : पडद्यावरचं वाचा, पान लगेच बंद करू नका

बहुतेकजण चूक दिसली की घाईनं मागे जातात. त्या पानावरच कामाची गोष्ट लिहिलेली असते.

४०३ किंवा ॲक्सेस डिनाइड याचा अर्थ साइट चालू आहे, पण तुम्हाला आत घेत नाही. हे दिसलं की संशय व्हीपीएनवर घ्या. ४२९ म्हणजे एका पत्त्यावरून फार वेळा विचारणा झाली. हा आकडा व्हीपीएन नसतानाही येतो. निकालाच्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत चाळीस फोन एका वायफायवरून तेच पान खेचत असतात. साइटला तो एकच माणूस चाळीसदा दार ठोठावतोय असं वाटतं. अशा वेळी मी सगळ्यांना वायफाय सोडून आपापल्या मोबाइल डेटावर जायला सांगते, काम होतं. ४५१ म्हणजे कायद्याच्या कारणानं बंद. तिथे तुमचा फोन तपासून काही निघणार नाही.

पुन्हा पुन्हा सिग्नलची, बसची चित्रं निवडायला लावत असेल तर तो अर्धा नकार समजा. साइटला शंका आहे, पण संधी देते आहे. दोन-तीनदा बरोबर निवडूनही तेच येत राहिलं तर आणखी निवडत बसू नका, पत्ता बदला. म्हणजे व्हीपीएन बंद करा.

पायरी ५ : बंद करा, पण नीट बंद करा

ॲपमधून व्हीपीएन तोडा. वरची किल्ली गेली का पाहा. साइटची उघडी टॅब बंद करा, कारण जुना नकार ब्राउझरनं जपून ठेवलेला असू शकतो. नवी टॅब उघडून साइटचा पत्ता टाका. तरी नकारच आला तर त्या साइटपुरत्या कुकीज, म्हणजे तिनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, पुसा किंवा खासगी टॅबमध्ये उघडून पाहा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

आता एक कळकळीचं सांगणं. साइटनं अडवलं की व्हीपीएनमध्येच देश बदलत बसायची सवय लागते. सिंगापूर नाही, मग जपान. जपान नाही, मग कॅनडा. बँकेच्या किंवा ईमेलच्या खात्यावर असं करू नका. दहा मिनिटांत चार देशांतून लॉगिन झाल्याची नोंद पडते आणि नुसतं पान अडलं होतं तिथे आता खातंच कुलूपबंद होतं. मग ओळखपत्रं पाठवा, फोनवर ताटकळत राहा. खातं अडकलंच तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. गूगलवर शोधलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर मुळीच करू नका, ठग तिथेच टपलेले असतात.

'इंडिया' सर्व्हर निवडला की सगळं सुटेल असंही नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवावी. त्यावरून एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. तेव्हापासून काही कंपन्यांच्या यादीत दिसणारा 'इंडिया' प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या ठिकाणी असतो, फक्त पत्ता भारताचा दाखवला जातो. तोही शेवटी सर्व्हरचाच पत्ता.

मला नेहमी विचारतात, व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का. देशात सर्वसाधारणपणे नाही. पण गुन्हा नाही म्हणून साइटनं आत घ्यायलाच हवं असंही नाही.

पायरी ६ : व्हीपीएन चालू ठेवणं भाग असेल तर

ऑफिसचं व्हीपीएन तोडता येत नसेल तर स्वतःचं बँकेचं, तिकिटाचं काम स्वतःच्या फोनवर मोबाइल डेटानं करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर आडवाटा शोधू नका, नोकरीवर बेतू शकतं.

स्वतःचं व्हीपीएन असेल तर त्यात 'स्प्लिट टनेलिंग' असा पर्याय शोधा. अँड्रॉइडवरच्या बऱ्याच ॲपमध्ये तो असतो. यादीतून बँकेचं, रेल्वेचं ॲप वगळलं की तेवढीच ॲप सरळ नेटवरून जातात, बाकीचं व्हीपीएनमधून. आमच्याकडच्या मुलांना मी हेच करून देते. एकदा केलं की रोजचं चालू-बंद संपतं.

स्टेशनवरच्या फुकट वायफायची भीती वाटते म्हणून काहीजण व्हीपीएन लावून बँक उघडतात. त्यापेक्षा वायफाय सोडा आणि मोबाइल डेटा वापरा.

पायरी ७ : फुकटचं व्हीपीएन काढून टाका

हे मी पोटतिडकीनं लिहिते आहे. सर्व्हर आणि लाइन चालवायला पैसा लागतो. तो तुमच्याकडून घेत नसतील तर तुमच्यातूनच काढतात. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनबद्दल उघड झालं की ते गिऱ्हाइकांच्याच नेटवरून परक्यांची वाहतूक नेत होतं आणि ती सोय विकतही होतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ९११ एस५ नावाचं जाळं मोडल्याचं जाहीर केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट ॲपमधून ते लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं होतं. त्यात १.९ कोटी आयपी पत्ते सापडले. ठग या घरगुती पत्त्यांआडून फसवणूक करत होते.

याचा अर्थ नीट पाहा. एरवी तुम्ही लॉजचा पत्ता उसना घेता. इथे तुमच्या घराचंच लॉज होतं, आणि तुमच्या दाराचा पत्ता सांगून कोणीतरी उधारी बुडवतं.

आमच्या अभ्यासिकेत हे घडलं आहे. एके आठवड्यात सगळ्या कॉम्प्युटरवर, व्हीपीएन नसताना, प्रत्येक साइट चित्रं निवडायला लावू लागली. दोन फॉर्मच्या साइटनी तर सरळ ४०३ दिला. मुलं माझ्यावर चिडली, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मी राउटरच्या पानावर जाऊन कोणतं यंत्र किती डेटा बाहेर पाठवतंय ते पाहिलं. एका मुलाचा लॅपटॉप रात्रभर, झाकण मिटलेलं असताना, सतत काहीतरी बाहेर पाठवत होता. त्यात एक फुकट व्हीपीएन होतं. ते काढलं, लॅपटॉप स्वच्छ केला, तरी आमचा पत्ता साइटच्या वहीतून सुटायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत एका मुलीच्या फॉर्मची तारीख निघून गेली. तिची परीक्षा पुढच्या वर्षावर गेली.

पायरी ८ : व्हीपीएन नाही, तरी अडवतात

राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा, घरच्या लाइनवर पुष्कळदा नवा पत्ता मिळतो. मोबाइलवर फ्लाइट मोड लावून काढा. घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपमधून अनोळखी ॲप काढा. एवढ्यानंही जमलं नाही तर साइटला लिहा. अडवलेल्या पानाच्या तळाशी 'रे आयडी' किंवा 'रेफरन्स' असा लांबलचक क्रमांक असतो, त्यावरून त्यांना तुमची नेमकी नोंद सापडते. तो हातानं उतरवू नका, स्क्रीनशॉट घ्या. मी असं लिहिते:

"नमस्कार. अमुक तारखेला, रात्री ८ वाजून २० मिनिटांनी (भारतीय वेळ) तुमच्या फॉर्मच्या पानावर मला ४०३ आला. माझा आयपी पत्ता अमुक, पानावरचा क्रमांक अमुक. मी व्हीपीएन वापरत नाही. मोबाइल डेटावरून तेच पान उघडतं, घरच्या ब्रॉडबँडवरून उघडत नाही. स्क्रीनशॉट सोबत आहे. कृपया हा पत्ता तपासून मोकळा करावा."

उत्तर यायला दोन-चार दिवस जातात. तारीख जवळ असेल तर वाट पाहू नका, ज्या लाइनवरून उघडतंय तिथून फॉर्म आजच भरा आणि पावतीची पीडीएफ स्वतःला ईमेल करून ठेवा.